किल्ल्या माझ्याकडे आहेत, छपरांचं तुम्ही बोला: वाडीतल्या मुंबईकरांना खुलं पत्र

सर्व चाकरमानी मंडळींना, म्हणजे मुंबई, ठाणे, विरार, बदलापूर आणि आता एक घर पुण्याचं पण झालंय त्यांना सुद्धा, नमस्कार.

हे मंडळाच्या ग्रुपवरच टाकणार होते पण तिथे काही टाकलं की पाच मिनिटात त्यावर फुलांचे गुड मॉर्निंग येऊन बसतात. जुलैमधे मी थोरल्या घराच्या माजघरातला व्हिडिओ टाकलेला, भिंतीवरून पाणी ओघळत होतं तो, त्याला चौदा अंगठे आले आणि एका भाऊजींनी हात जोडले. फोन कोणाचाच नाही. तेव्हा आता उघड्यावरच लिहिते, सगळ्यांनी वाचा, शेजारच्या वाडीतल्यांनी पण वाचा कारण त्यांच्याकडे काय वेगळं नाहीये.

काल तुळशीचं लग्न झालं. तुम्हाला वाटेल पाऊस तर आत्ता गेला, ही बाई आत्तापासून छपराचं काय घेऊन बसली. पण हीच वेळ आहे. लाकूड लागणार असेल तर ते आत्ता बघायला लागतं, झाड तोडायचं तर परवाना लागतो, तोडलं की कापून आणून सुकवायला लागतं, ओला वासा चढवला की वर्षभरात पिळवटतो आणि कौलांची ओळ वाकडी होते. (आमचे सासरे म्हणायचे की अंधाऱ्या पक्षात तोडलेलं लाकूड किडत नाही, खरंखोटं सुतार जाणे, पण ओलं चढवू नये एवढं तरी नक्की.) आणि सुतार तरी राहिलेत किती. पंचक्रोशीत कौलारू घराचं काम नीट करणारे दोन, त्यातल्या एकाला आता डोळ्याने दिसत नाही. एप्रिल मे मधे गडी सगळे आंब्यावर असतात, तेव्हा तुम्ही सुट्टीला येता, आंबे खाता, घराकडे मान वर करून बघता आणि म्हणता अरे याचं काहीतरी करायला हवं. मग मिरग येतो आणि पाऊस लागतो.

माझ्या पडवीत खिळ्याला सात किल्ल्यांचे जुडगे आहेत. वाडीत घरं सतरा, त्यातली सात बंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, दोन तर शिमग्याला पण नाही. मी काही तक्रार म्हणून नाही सांगत, किल्ल्या मी आनंदाने घेतल्यात, पण किल्ली म्हणजे काय ते तुम्हाला माहित नाहीये. पावसात दर आठ दिवसांनी मी आणि आमचे हे बॅटरी घेऊन सातही घरं फिरतो. दार उघडलं की आधी कान द्यायचा. ठिबकतंय का ते ऐकू येतं, दिसत नाही. मग आवाजाच्या दिशेने जायचं आणि खाली काहीतरी ठेवायचं, पातेलं, बादली, रंगाचा डबा, एका घरात तर आम्ही लग्नातलं घंगाळ ठेवलंय कारण दुसरं काय नव्हतंच. पुढच्या आठवड्यात जाऊन ते ओतायचं. माझ्या यांचं वय आता 61 आहे, गुडघे गेलेत, पूर्वी हे माकडासारखे चढायचे आणि सरकलेलं कौल तिथल्या तिथे बसवायचे, आता मी चढू देत नाही. शेवाळलेल्या कौलावर पाय ठेवणं म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच ठाऊक.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना असं वाटतं की घर जुनं झालं म्हणून गळतं. तसं नाहीये. घर बंद राहतं म्हणून गळतं. कसं ते सांगते, जरा धीर धरून वाचा.

कौल फुटायला कारण लागत नाही. वांदरं उड्या मारतात, नारळ पडतो, वाऱ्याने फांदी घासते, एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्याच रात्री त्याच्या अंथरुणावर थेंब पडतो, सकाळी तो शिव्या देत शिडी लावतो आणि काम दहा मिनिटात संपतं. बंद घरात तो थेंब रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर पडत राहतो. पोफळीची रीप ती, पंधरावीस दिवस सतत भिजली की कुजते, ती मोडली की तिच्यावरची चार कौलं खाली येतात, आता भोक हाताएवढं झालं. मग वासा भिजतो. वाशाचं टोक जिथे भिंतीवर टेकतं तिथे पाणी मुरतं, आणि आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या असल्या तरी जुन्या घरात चिऱ्यांमधे मातीच आहे, सिमेंट नाही, ती माती आतल्या आत धुपून जाते. बाहेरून भिंत दिसते ठणठणीत. तुम्ही गणपतीला येता, गिलाव्यावरचा ओला डाग बघून रंगाचा डबा आणता, आणि गौरी जेवायच्या आधी हात मारून मोकळे होता. दुसऱ्या पावसात भिंतीला पोट येतं.

आणि धूर. पूर्वी चूल पेटायची, धूर कौलांतून बाहेर जायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे आणि त्या धुरामुळे त्यांना कीड लागत नव्हती. आता तुमच्या घरात वर्षाचे सात दिवस गॅस पेटतो. वाळवी खालून चढते, भुंगा वरून पोखरतो, वाशाला बोटाने टोचलं तर पीठ पडतं खाली. मी चुलीचे गोडवे गात नाहीये, मी स्वतः गॅसवरच करते, माझे डोळे धुराने गेलेत. पण धूर बंद केला तर त्याच्या जागी तेल, औषध, काहीतरी लावायला लागतं ना, ते कोणी लावलं नाही.

पटत नसेल तर 2020 आठवा. कोरोनात तुम्ही सगळे इथे होता, मार्च एप्रिलपासून ते पार गणपती होईपर्यंत काही जण तर दिवाळीपर्यंत. त्या पावसात आपल्या वाडीत एकही घर गळलं नाही. एकही. कारण तुम्ही स्वतः त्याखाली झोपत होता. धाकटे भाऊजी, ज्यांनी आयुष्यात शिडी धरली नव्हती, ते मे मधे पाठीवर कौलं वाहत होते. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, अलिबाग श्रीवर्धनकडून, माझं माहेर दापोलीकडचं, तिकडे माझ्या भावाच्या घरावरची अर्धी कौलं गेली आणि गोठ्याचा पत्रा तर दोन बागा पलीकडे माडाला गुंडाळलेला सापडला. वीज कित्येक दिवस नव्हती. पण भाऊ घरातच होता, पाऊस पडायच्या आत त्याने ताडपत्री ओढली, भिंती वाचल्या. आणि पुढच्या वर्षी 16 मे ला तौक्ते आपल्या किनाऱ्याने वर गेलं तेव्हा आपल्याकडे सात घरं बंद होती, आणि कुठल्या घराची कोनं, म्हणजे आढ्यावरची कौलं उडाली ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं कारण वाटेत झाडं पडलेली. आढ्यावरचं कोन गेलं की पाणी थेट घराच्या मधोमध पडतं. थोरल्या घराचं जे काय सुरू झालं ते तिथून.

थोडा हिशोब देते, आमच्या मुलाने काढलाय, तो सिव्हिल डिप्लोमाला आहे. थोरलं घर 40 बाय 30 फूट. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे नुसत्या त्या एका घरावर एका पावसाळ्यात सव्वातीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. ते सगळं बाहेर टाकायचं काम ते छप्पर दरवर्षी गुपचूप करतं. मंगलोरी कौल शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, उतार आणि बाहेरच्या वळचणी धरून ते छप्पर सोळाशे चौरस फूट होतं, म्हणजे 2,400 कौलं, एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सहा टन. कोरडी. भिजली की अजून जड. हे सहा टन पोखरलेल्या वाशांवर बसलंय आणि तुम्ही गणपतीत त्याच्याखाली वीस माणसं भजनाला बसवता. मला आरतीला घाम फुटतो तो भक्तीने नाही.

आता पत्र्याचं बोलू, कारण मला माहितीये अर्ध्यांचं उत्तर तयार आहे, सगळं काढा आणि निळा पत्रा मारा, कटकट मिटली.

मी पत्र्याच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या पडवीवर पत्रा आहे. पण कटकट मिटत नाही, तिचं रूप बदलतं फक्त. तेच सोळाशे चौरस फुटाचं छप्पर पत्र्याचं केलं तर वजन सहाशे सातशे किलोवर येतं, वाशांना सुटका होते हे खरं, पण तेच वजन वाऱ्याला धरून ठेवत होतं ना. वारा कडेच्या वळचणीखाली शिरतो आणि खालून उचलतो. त्यामुळे पत्रा घालायचा तर त्याच्याखालचे लोखंडी पाईप भिंतीला नीट अँकर करायला लागतात, नुसते चिऱ्यावर टेकवून चालत नाही, आणि आपल्या फॅब्रिकेटरने मागच्या वर्षी एका घरी नेमकं तेच केलं. दुसरं म्हणजे खारा वारा. खाडीपासून आपण चालत दहा मिनिटावर आहोत. स्वस्तातला पातळ पत्रा इथे चारपाच पावसात कडेने लाल होतो. घ्यायचा तर अर्ध्या मिलीमीटरचा घ्या आणि ज्याच्यावर जस्ताबरोबर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो तो घ्या, थोडा महाग पडतो पण समुद्राजवळ तोच टिकतो. आणि तो ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि कापलेल्या कडेपासून गंज सुरू होतो, कात्रीने कापायला लावा, गडी कुरकुर करेल, करू दे. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगटात नाही, पाणी खोलगटातूनच वाहतं ना. स्क्रूखालचा रबराचा वॉशर उन्हाने कडक होऊन फुटतो, दर काही वर्षांनी बदलायला लागतो. तो बदलायला वर कोण चढणार? परत आम्हीच. पाईपांची तोंडं बंद करा म्हणावं, टोपी बसवायला काही खर्च नाही, उघडं तोंड राहिलं तर पाईप आतून कुजतो आणि बाहेरून रंग चकाचक.

आणि मे मधे दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा. तुम्ही एसी लावाल म्हणा.

स्लॅबवाल्यांना एवढंच सांगते की वरच्या आळीतल्या भाऊजींचा स्लॅब बघून या. मोठ्या हौसेने घातलेला, गावात पहिला, खाडीची वाळू वापरली न धुता, खारी वाळू ती, आतल्या सळया गंजून फुगल्या आणि आता छताचे पापुद्रे जेवणाच्या ताटात पडतात. त्या स्लॅबवर शेवटी पत्र्याची शेड घातली. म्हणजे छपराला छप्पर. त्यात ते अजून म्हणतात कौल परवडत नाही.

माझं मत विचाराल तर, नाही विचारलंत तरी सांगते, जी कौलं शाबूत आहेत ती ठेवा. थोरल्या घरावरच्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप आहे. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मधे कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे गेली. ती कौलं अजून टणत्कार देतात, वाजवून बघा, टण्ण वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की चीर आहे. खराब झालंय ते खालचं लाकूड. मग लाकूड बदला, किंजळ ऐन मिळत नसेल तर लोखंडी पाईप घाला आणि त्याच्यावर हीच कौलं परत चढवा, जी कमी पडतील ती आपल्याच वाडीत दोन घरं पडलीत तिथली मिळतील. उतार तेवढा कमी करू नका, हल्ली उंची वाचवायला उतार लोळवतात आणि मग झड आली की पाणी कौलाखालून उलटं वर सरकतं आणि दोष कौलाला जातो.

एक महत्त्वाचं, गोठ्यावर आणि न्हाणीवर जे राखाडी सिमेंटचे पत्रे आहेत ते हातोडीने फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, कॅन्सर होतो त्याने. मागे एका घरी गड्यांनी ते फोडून रस्त्याच्या खड्ड्यात भरले आणि पोरं त्यावर क्रिकेट खेळत होती. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडून, आख्खे उतरवा आणि तोंडाला नीट मास्क लावा, कोरोनातले पडलेच असतील म्हणाल तर तसला कापडी नाही, चांगला आणा.

आता पैशाचं. इथे तुम्ही वाचायचं बंद कराल म्हणून थोडक्यात.

थोरल्या घराच्या उताऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यातले चार वारले, त्यांच्या वारसांची नोंद झाली नाही. एकाला विचारलं की तो म्हणतो दुसऱ्याने दिले की मी देतो, दुसरा म्हणतो मला त्यात राहायचंच नाही, तिसरा म्हणतो आधी वाटण्या करा. वाटण्या करा ना, कोण नको म्हणतंय, पण वाटण्या होईपर्यंत वाटायला घर उरायला पाहिजे. चुलत्या-पुतण्यांचा वाद कोर्टात वीस वर्ष चालू शकतो, कुजकी रीप वीस दिवस थांबत नाही.

सरकारी मदतीची वाट बघणाऱ्यांसाठी, आपत्तीच्या निकषात अंशतः पडझडीला पैसे मिळायला निदान 15 टक्के घर पडायला लागतं आणि 2022-23 ते 2025-26 साठीच्या केंद्राच्या निकषात त्याचे ठरले होते पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. राज्य सरकार कधीकधी मोठ्या वादळानंतर वाढवून देतं ते वेगळं. पण हळूहळू गळणाऱ्या घराचा पंचनामा होत नाही, ते वादळात पडायला लागतं. घरकुल योजना पण ज्याला घर नाही किंवा कच्चं आहे त्याच्यासाठी, मुंबईत फ्लॅट असलेल्याच्या वडिलोपार्जित छपरासाठी नाही, आणि ते बरोबरच आहे.

मंडळाकडे पैसे नाहीत असं मला कोणी सांगू नका. देवळाचा जीर्णोद्धार झाला, सभामंडपाला नवं छप्पर आलं, चांगलं झालं, मी पण पावती फाडली. क्रिकेटच्या सामन्यांना ट्रॉफी माझ्या उंचीची होती. देवाच्या डोक्यावर छप्पर झालं आता पूर्वजांच्या डोक्यावरच्या छपराचं बघा एवढंच म्हणते.

मला एकदम लाखो रुपये नकोत. मला पाहिजे ते असं की प्रत्येक बंद घरामागे वर्षाला 3,000 रुपये मंडळाने वेगळे काढावेत आणि ते मे च्या पहिल्या आठवड्यात इथे यावेत, गणपतीत नाही, गणपतीत पाऊस चालू असतो आणि चालू पावसात कौलाला हात लावता येत नाही. त्यात दोन गडी दोन दिवस लावून एकेक छप्पर चाळून होतं, फुटकी कौलं बदलतात, पन्हळीतला पाला निघतो, कोनं सिमेंटने पक्की होतात. छपरावर आलेली फांदी तोडायला मला दरवेळी मुंबईला फोन करून परवानगी मागायला लागू नये, फणस आजोबांनी लावला होता हे मला माहितीये, त्याच फणसाने आजोबांचं घर फोडलंय. आणि सात घरातल्या प्रत्येकाचा एकच माणूस सांगा ज्याचं हो म्हणजे हो. चौदा जणांना फोन लावायला माझ्याकडे रेंज नाही, खरोखरच नाही, मला त्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर जायला लागतं.

थोरल्या घराचं मात्र चाळून भागणार नाही. मागच्या बाजूचे अकरा वासे गेलेत, आम्ही मोजलेत, खडूने खूण केलीये. त्याला आत्ता हात लावला नाही तर मी येत्या गणपतीला माजघरात गणपती बसवू देणार नाही, ओटीवर बसवा, राग आला तरी चालेल. किल्ली माझ्याकडे आहे.

आणि हो, कोणाला घर नकोच असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात काही कमीपणा नाही. कौलं उतरवून रचून ठेवू, लाकूड चांगलं असेल ते दुसऱ्याच्या घराला लागेल, जोत्यावर आम्ही भाजी करू. उभं राहून कुजण्यापेक्षा ते बरं, आणि पडकं घर शेजारच्या घरावर पडतं तेव्हा शेजाऱ्याचं काय चुकलेलं असतं. मधल्या घराची भिंत काकूंच्या न्हाणीकडे झुकलीये, काकू 78 वर्षांच्या आहेत आणि त्या रोज तिथे आंघोळ करतात.

सुतार पौष संपेपर्यंत दुसरं काम धरत नाही म्हणालाय. त्याच्या आत थोरल्या घराचं हो की नाही ते कळवा, ग्रुपवर नको, मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर मी सड्यावर असते.

तुमची,
खालच्या घरातली वहिनी (काहींची काकी, दोघांची आजी)

ता. क. घंगाळ कोणाचं आहे ते सांगा. पावसात त्याला खालून भोक पडलं.